अर्धीच पाहिली जाणारी होयसळभूमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२३ मध्ये बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर येथील, कर्नाटकातील होयसळ राजघराण्याच्या काळातील मंदिरांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी बेलूर आणि हळेबीड कर्नाटकातील हासन जिल्ह्यात आहेत आणि त्याच जिल्ह्यात श्रवणबेळगोळ हे दिगंबर जैनांचे महत्त्वाचे तीर्थक्षेत्र आहे. महाराष्ट्रातून या भागात जाणारे प्रवासी साधारणपणे दोन वाटांनी जातात. शिल्पकलेच्या ओढीने जाणारे बेलूर-हळेबीड पाहतात आणि वेळ उरलाच, तर परतीच्या वाटेवर तासाभरासाठी श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराकडे, म्हणजे बाहुबलीच्या मूर्तीकडे, वळतात. दक्षिण महाराष्ट्रातून यात्रेला जाणारी जैन कुटुंबे श्रवणबेळगोळचे दर्शन घेऊन मूडबिद्री-कारकळ या पुढच्या जैन क्षेत्रांकडे निघतात आणि होयसळांची मंदिरे बरेचदा बाजूला राहतात. दोघांनाही हा प्रदेश अर्धाच दिसतो, याची मला मनापासून खंत वाटते.

या प्रदेशाचा इतिहासच मुळी असा दोन भागांत वाटता येत नाही. राजा विष्णुवर्धनाने इ. स. १११७ मध्ये बेलूरला चेन्नकेशवाची, म्हणजे विष्णूची, प्रतिष्ठापना केली. त्याची राणी शांतला जैन होती. बेलूरच्या त्याच आवारातील कप्पे चेन्निगराय हे विष्णुमंदिर तिने बांधविले आणि श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरी टेकडीवर शांतिनाथ तीर्थंकरांची सवतिगंधवारण बसदीही (बसदी म्हणजे जिनालय) तिनेच उभारली. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरातील जोडगाभाऱ्यांपैकी एक शांतलेश्वर म्हणून ओळखला जातो, तोही तिच्याच नावाने. विष्णुवर्धन वैष्णव झाल्याची परंपरा आहे. तरीही त्याच्या राज्यात बसद्या बांधल्या जात राहिल्या आणि त्यांना राजाश्रयही मिळत राहिला. एका राजघराण्यात शिव, विष्णू आणि जिन यांची मंदिरे शेजारी शेजारी उभी राहत होती, ही गोष्ट जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय मनाला पुरती पटत नाही.

मराठी वाचकाला तर हे आणखी जवळचे वाटावे. गोमटेश्वराच्या पायथ्याशी कोरलेली ‘श्री चावुंडराजें करवियलें’ ही ओळ आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस ही सुमारे ५७ फूट उंचीची अखंड ग्रॅनाइटची मूर्ती घडविली. पण त्याच ठिकाणी आणखी एक मराठी ओळ आहे, ‘श्री गंगराजे सुत्ताले करवियले’, आणि तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. हा गंगराज विष्णुवर्धनाचा सेनापती. मूर्तीभोवतीचे आवार त्याने बांधविले. त्याचा मुलगा बोप्पदेव याने ११३३ मध्ये, वडिलांच्या निधनानंतर, हळेबीडला पार्श्वनाथाची बसदी उभारली. तेथील शिलालेख सांगतो, की या प्रतिष्ठापनेचा प्रसाद राजाकडे पोहोचला त्याच सुमारास त्याला युद्धातील विजयाची आणि पुत्रजन्माची वार्ता मिळाली आणि म्हणून त्याने या देवतेला विजयपार्श्वनाथ असे नाव दिले. श्रवणबेळगोळची मराठी ओळ आणि हळेबीडची बसदी यांना जोडणारे हे घराणे आहे, आणि आपल्या सहली नेमका तोच धागा तोडतात.

हळेबीडच्या या बसदीकडे जाण्यासाठी वेगळा प्रवासही करावा लागत नाही. होयसळेश्वर मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पार्श्वनाथ, शांतिनाथ आणि आदिनाथ अशा तीन बसद्या एकाच आवारात आहेत. होयसळेश्वराच्या भिंतीवर हत्ती, सिंह, घोडेस्वार आणि रामायण-महाभारतातील प्रसंग यांचे थरावर थर पाहून डोळे भरून गेलेले असतात. आणि येथे बाहेरच्या भिंती जवळजवळ कोऱ्या, पण आत लेथवर घासून काढल्यासारखे गुळगुळीत, चकाकणारे खांब, आणि गाभाऱ्यात नागफणांच्या छत्राखाली उभी असलेली काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती. एकाच नगरीत, एकाच काळात दगडाला इतक्या वेगळ्या रीतीने बोलते केले गेले. हे दोन्ही पाठोपाठ पाहिल्याने शिल्पकलेची जेवढी समज येते, तेवढी एखाद्याच मंदिरात दिवसभर फिरूनही येत नाही, असे माझे ठाम मत आहे. तरीही मार्गदर्शकाने ‘आता बसमध्ये चला’ म्हटले, की सगळे निघतात.

श्रवणबेळगोळलाही असेच होते. गोमटेश्वर उभा आहे त्या विंध्यगिरी टेकडीच्या ६०० हून अधिक पायऱ्या चढून, मूर्तीसमोर छायाचित्रे काढून मंडळी उतरतात आणि समोरच्या चंद्रगिरीवर जातच नाहीत. वास्तविक ती टेकडी चढायला सोपी आहे आणि जुन्या बसद्यांपैकी बहुतेक तेथेच आहेत. जैन आचार्य भद्रबाहूंची गुहा, चंद्रगुप्त मौर्य त्यांच्यासोबत येथे आला होता ही परंपरा, आणि सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे व्रत, घेऊन देह ठेवलेल्या मुनींच्या व श्रावक-श्राविकांच्या स्मरणार्थ खडकात कोरलेले लेख हे सारे या टेकडीवर आहे. गावालगतच्या जिननाथपुराची शांतिनाथ बसदी तर अवश्य पाहावी. बाहेरच्या भिंतींवर होयसळ पद्धतीची मूर्तिकला असलेली बसदी विरळाच.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. गोमटेश्वरासमोर काही पर्यटक दिगंबर मूर्तीकडे पाहून हसतात, आपसांत कुजबुजतात, आणि शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या वृद्ध यात्रेकरूंना ते ऐकू जाते. थोरला भाऊ भरत याच्याशी झालेले द्वंद्व जिंकल्यावर, राज्य हाती आलेले असताना, सर्व सोडून तपाला उभा राहिलेला हा बाहुबली आहे. पायांशी वारुळे झाली, अंगावर वेली चढल्या, तरी तो हलला नाही. सहल नेणाऱ्यांनी पायथ्याशीच पाच मिनिटे ही कथा सांगितली, तर वर जाणाऱ्यांची नजर बदलेल.

सहलींचे नियोजन करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की या परिसराला किमान दोन मुक्काम द्यावेत. बेलूर आणि हळेबीड यांत १६-१७ किलोमीटरचेच अंतर आहे. ती दोन्ही ठिकाणे बसद्यांसह एका दिवसात शांतपणे होतात. दुसरा दिवस पूर्णपणे श्रवणबेळगोळला द्यावा. विंध्यगिरी अनवाणी चढावी लागते आणि ऊन वाढले की खडक तापतो, म्हणून ज्येष्ठांना घेऊन सकाळी लवकर निघावे; ज्यांना चढणे शक्य नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय असते. यात्रा काढणाऱ्या जैन मंडळांनीही याच दोन दिवसांत बेलूर-हळेबीड जोडून घ्यावे. बारा वर्षांनी होणारा महामस्तकाभिषेक २०१८ मध्ये झाला. त्या क्रमाने पुढचा २०३० मध्ये येईल आणि त्या वेळी तेथे निवांतपणे काही पाहणे शक्य होणार नाही. त्याआधीच्या एखाद्या हिवाळ्यात शाळा-महाविद्यालयांच्या अभ्याससहली या मार्गाने काढता येतील, आणि आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीने हळेबीडच्या बसद्या, चंद्रगिरी व जिननाथपूर यांची नकाशासह माहिती छापली, तर त्यांना तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर