पंतय पिलाताचं नाव

नगर,
रविवार, दुपार

प्रिय विलास,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे पटत नाही म्हणालास तर त्या वडीलधाऱ्यांनी भर बैठकीत 'मग तू ख्रिस्ती कसला?' असं सुनावलं. वाईट वाटलं, रागही आला. पण प्रश्न खरा आहे, म्हणून टाळत नाही.

आज उपासनेत मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची ती ठरलेली कबुली, म्हणताना 'पंतय पिलात' हे नाव ओठांवर आलं आणि मी थबकलो. त्या मोजक्या ओळींत येशू आणि मरिया सोडले तर माणसाचं नाव हे एकच. तेही प्रेषिताचं नाही, येशूला वधस्तंभावर पाठवणाऱ्या रोमी सुभेदाराचं! मला वाटतं, हे कुठल्या अज्ञात युगात नाही, अमुक सुभेदाराच्या अमलात, याच मातीवर घडलं, हे सांगायलाच ते तिथे आहे. येशू मेला, पुरला गेला, देवाने त्याला उठवलं, तो प्रभू आहे: माझ्या लेखी ख्रिस्ती असण्याचा पाया एवढाच, पण त्यातला एकही दगड काढता येत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, हे प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात स्पष्टच लिहिलंय. गांधीजींना येशूचं डोंगरावरचं प्रवचन किती प्रिय होतं! तरी ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नसत, आणि त्यांच्या त्या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटतो.

बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, भजनाला पेटी की ऑर्गन, यावर आपले लोक उगाच भांडतात.

त्रैक्य मात्र मी मानतो. पुत्र हा निर्माण केलेला आहे, असं एरियस नावाचा जुन्या काळातला धर्मगुरू म्हणायचा. ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ते नाकारलं. मला त्यातलं तत्त्वज्ञान फारसं झेपत नाही. पण एरियसचं खरं धरलं, तर वधस्तंभावर देवाने स्वतः न येता दुसऱ्याच कुणाला पाठवलं, असं होतं. ते माझ्या जिवाला पटत नाही.

आणि तरीही, विलास, पंडिता रमाबाईंना आठव. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची दोन-अडीच वर्षं त्रैक्यावरून तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद घातला. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हेही विचारलं. बिशप सांगतात म्हणून मानायचं, हे त्यांना कबूल नव्हतं; शास्त्र स्वतः वाचून ठरवणार होत्या. ख्रिस्ताची खरी ओळख पटायला आणखी कितीतरी वर्षं लागली. त्याच बाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १८८५ मध्ये त्यांना कुणी तुझ्यासारखं सुनावून दाराबाहेर काढलं असतं तर?

तू येशूला प्रार्थना करतोस, हे मला ठाऊक आहे. ताईच्या ऑपरेशनच्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात तुझे ओठ हलत होते, ते मी पाहिलंय.

पुढच्या रविवारी इकडे ये. मतांगीकाराला माझ्या शेजारी उभा राहा. ज्या ओळीला आवाज अडेल तिथे गप्प राहा. ती मी म्हणेन. पिलाताच्या ओळीला मात्र दोघं मिळून म्हणू.

तुझाच,
सुधीर