भुलीच्या मॅडम, तुमचे आभार राहिले होते

मॅडम, नमस्कार.

मी लातूरच्या मोंढ्यात हर्रास पुकारणारा, पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीनं ऑपरेशन झालेला. सर्जन साहेबांना शाल-नारळ देऊन झालं, वॉर्डातल्या सिस्टरला पेढे दिले, तुम्ही तेवढ्या राहिलात. भुलीच्या डॉक्टरचं असंच होतं बगा, पेशंट शुद्धीत असतो तवा तुम्ही दिसत नाही अन् तुम्ही उशाशी असता तवा पेशंटला शुद्ध नसती. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलोय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही आलात, बीपी, शुगर, तोंड किती उघडतं, कुठला दात हलतो का सगळं बघितलं अन् मग विचारलं, काम काय करता? मला वाटलं उगं बोलायचं म्हणून विचारायल्यात. मी म्हणलं सोयाबीन-तुरीची बोली पुकारतो, दिवसभर ओरडायचंच काम, तर तुम्ही उठत होतात त्या परत स्टूल ओढून बसलात. आजपर्यंत कोण्या डॉक्टरनं माझ्या धंद्याची एवढी चौकशी केली नव्हती.

मग तुम्ही हातातल्या पेनानं माझ्याच रिपोर्टच्या पाठीमागं गळ्याचं चित्र काढून दाखवलं. पूर्ण भूल दिली की अंग ढिलं पडतं, श्वास मशीननं द्यावा लागतो, त्याची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते अन् जाताना दोन स्वरतंतूंच्या मधूनच जाते, दुसरी वाटच नाही. नळीच्या टोकापाशी एक छोटा फुगा असतो, तो फुगवला की हवा बाजूनं निसटत नाही अन् पोटातलं काही वर येऊन फुफ्फुसात उतरत नाही. मी विचारलं, नळीबिगर नाही का जमत? तुम्ही म्हणालात घशात वरच्या वर बसणारा मास्क पण असतो, पण दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, सगळं वर दाबलं जातं, तुमच्यासाठी नळीच बरी. फक्त मोठ्या गड्याला ८ नंबरची घालायची पद्धत आहे ती मी ७ ची घालीन अन् फुग्याचं प्रेशर मीटरवर बघत राहीन, २० ते ३० च्या मधी. ते जास्त झालं तर आतल्या नाजूक कातडीचा रक्तपुरवठा दबतो म्हणे. आवाज बसणारच नाही अशी गॅरंटी मात्र दिली नाही, हे मला लई आवडलं.

अन् आवाज बसलाच. शुद्धीवर आलो तर घसा सोललेला अन् तोंडातून नुसती घरघर. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणायला, भूल जास्त झाली. आमच्याकडं ऑपरेशननंतर काही पण बिघडलं की भुलीवरच ढकलतात, कंबर दुखली तरी भूल. तुम्ही संध्याकाळी वॉर्डात आलात, मला लांब ‘ई’ म्हणायला लावलं, घोटभर पाणी पाजून ठसका लागतो का बघितलं अन् घरच्या मंडळींना सांगितलं की हे औषधाचं नाही, नळी घासून आलेली सूज आहे, बऱ्याच जणांचा आवाज थोड्या दिवसांत आपोआप सुटतो. पण दोन-तीन आठवड्यांनी पण तसाच राहिला, पाणी पिताना ठसका लागायला लागला का दम लागला, तर वाट बघायची नाही, कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठायचा.

माझा राहिला तसाच. तर तुम्हीच त्या सरांना फोन लावून दिला. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली, मला स्क्रीनवर माझेच स्वरतंतू दाखवले, दोन पांढऱ्या पट्ट्या, डाव्या पट्टीवर रक्त साकळल्यासारखा लाल डाग. दोन्ही हलायल्यात म्हणाले, म्हणजे आवाजाची नस दबलेली नाही अन् पट्ट्यांच्या मागचा सांधा पण जाग्यावर आहे. सर गप्पिष्ट निघाले, १८५४ साली मॅन्युएल गार्सिया नावाच्या गाण्याच्या मास्तरानं आरसा घालून स्वतःचेच स्वरतंतू बघितले होते हे पण सांगितलं. गाण्याच्या मास्तरालाच सुचणार की ते, ज्याचं पोट गळ्यावर त्यालाच गळ्याची काळजी.

मग सुरू झाला मुका कारभार. ओरडायचं नाही, खाकरायचं नाही अन् कुजबुजायचं पण नाही, त्यानं पट्ट्या जास्तच ताणल्या जातात. पाणी भरपूर, वाफ, रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही कारण पोटातलं आम्ल वर येऊन तिथली जखम चिघळवतं. मोंढ्यात पुतण्या पुकारायचा अन् मी बाजूला उभा राहून बोटांनी भाव दाखवायचो, खरेदीदार हसून हसून बेजार. नंतर आवाजाच्या व्यायामाला पाठवलं, पोटातून श्वास घ्यायचा, ओठ मिटून हुं हुं करायचं. घरची म्हणायची, म्हैस व्याली का काय.

मॅडम, आता बोली परत मीच पुकारायलोय. वरचा सूर अजून पहिल्यासारखा लागत नाही, संध्याकाळी आवाज जरा जड होतो, पण ‘एक वार, दोन वार’ शेवटच्या ढिगापर्यंत ऐकू जातं.

अजून एक काम आहे. वहिनींचं थायरॉईडचं ऑपरेशन ठरलंय, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई आहेत, वर्गात साठ लेकरं. तिथं तर आवाजाची नसच थायरॉईडला चिकटून जाते म्हणे, म्हणजे नळीची काळजी वेगळी अन् सर्जनची वेगळी. तुमची ड्युटी कोणत्या वारी असती तेवढं कळवा, त्यांना आधी तुमच्याकडं आणतो. पेढे पण तवाच आणतो.