ऑक्सिमीटरवर ९८

प्रिय माऊ,

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "काही नाही बाबा, झोप नीट झाली नाही, बस." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गच्चीवर बसून होतो. हे वाक्य मला पाठ आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात मी रोज हेच सांगायचो. तुझ्या आईला, आजीला, तुलाही. तेव्हा ते खोटं होतं. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. फोनवर मला एवढं बोलता येणार नाही, मध्येच गळा दाटून येतो आणि मग तूच माझी समजूत घालायला लागतेस.

तेव्हा तू बारावीत होतीस. मागच्या खोलीत दार लावून, कॅमेरा बंद ठेवून तास करायचीस. घरात काय चाललंय त्यातलं अर्धं तुला दिसत होतं, अर्धं आम्ही तुझ्यापासून लपवलं. ते लपवलेलं आज सांगतो.

आपला वह्या-पुस्तकांचा धंदा म्हणजे जूनचा धंदा. ११ मार्च २०२० ला नागपुरात पहिला रुग्ण सापडला, त्या दिवशी मी आणि माझे थोरले भाऊ, तुझे मोठे बाबा, दुकानात पुढच्या सीझनचा माल मोजत होतो. २२ ला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून लॉकडाऊन. दोघांनाही वाटलं, जूनपर्यंत निपटेल. जून गेला, दिवाळी गेली, दुसरा मार्च आला आणि १५ तारखेपासून नागपुरात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला. गठ्ठे होते तसेच पडून होते. पैशाची चिंता होती, पण मी त्यानं नाही मोडलो. धंद्यात वर-खाली पाहिलेलं होतं, आणि मोठे बाबा शेजारी होते.

मग एप्रिल आला. तो एप्रिल नागपूरकर विसरणार नाही. एकेका दिवशी ७ हजारांच्या वर नवे रुग्ण आणि शंभरावर मृत्यू. कूलरच्या घरघरीतही रात्रभर अॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू यायचा. मोठे बाबा दवाखान्यात भरती झाले ते परत आले नाहीत, हे तुला माहीत आहे. त्यांचा शेवटचा व्हिडिओ कॉल मी एकट्यानं घेतला होता, ते माहीत नाही. तोंडावर मास्क, त्यातून आवाज फुटत नव्हता. मला वाटलं, वहिनीबद्दल काही सांगतील, पोरांबद्दल सांगतील. ते म्हणाले, "वह्यायले ऊन दाखव रे, वाळवी लागंल." मी हो म्हटलं. ते त्यांचं शेवटचं बोलणं.

घाटावर आम्ही मोजून पाच जण होतो. अंगावर प्लास्टिकचे किट, चेहरा कुणाचा दिसत नाही. खांदा द्यायला मिळाला नाही. तेरवीला तर घरात आपणच. आपल्याकडे माणूस गेलं की गल्लीतले लोक सतरंजीवर येऊन बसतात, कुणी काही बोलत नाही, कुणी चहाची किटली आणून ठेवतं. ते बसणं किती मोठं औषध असतं, हे मला ते मिळालं नाही तेव्हा कळलं. मोठे बाबा गेले हे माझ्या डोक्याला समजत होतं, अंगाला पटत नव्हतं. सकाळी दुकानाच्या दोन्ही किल्ल्या खिशात टाकायचो. एक माझी, एक त्यांची.

मे महिन्यातल्या एका रात्री दोन वाजता मी दचकून उठलो. छातीत धडधड, श्वास पुरेना, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या. मला खात्री पटली, झाला कोरोना, आता माझी पाळी. तुम्ही जाग्या होऊ नये म्हणून अंधारात स्वयंपाकघरात गेलो आणि फरशीवर बसून बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९८. दुसऱ्या बोटाला लावला. ९८. नाडी मात्र १३०. सेल बदलले, पुन्हा ९८. दुकानातली एक लाल शाईच्या रेघांची वही होती, तिच्यात लिहीत गेलो: २.१० ला ९८, २.१४ ला ९८, २.१७ ला ९७. ९७ दिसल्यावर घाम फुटला. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं आपोआप ओसरलं. सकाळी तुझ्या आईनं विचारलं, डोळे लाल काऊन? मी म्हटलं, काही नाही, झोप झाली नाही.

त्यानंतर ते दर दोन-तीन रात्रींनी यायला लागलं. मग त्याची भीती दिवसाही बसली. दुकानाचं शटर उघडायला हात जाईना. जेवण नको, कुणाचा फोन नको. जून उजाडला तरी मी वह्यांना ऊन दाखवलं नव्हतं. एक दिवस हिंमत करून शटर वर केलं, खालचा गठ्ठा ओढला, तर तो हातात मातीसारखा भसकन सुटला. वाळवीनं आतून पोखरला होता, वरचं कव्हर तेवढं कोरं. मी तिथेच खाली बसलो आणि मोठे बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडलो.

तुझ्या आईला ती आकड्यांची वही कपाटात सापडली. तिनं ती माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "अहो, पस्तीस पानं आहेत. एकदाही ९५ च्या खाली नाही. मग तुम्ही कशाला घाबरता ते तरी सांगा." मला सांगताच येईना.

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो चांगला निघाला. ते म्हणाले, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मी चिडलो. मी काय पागल आहे का? माऊ, आपल्या शहरात छिंदवाडा रोडवरच्या त्या चौकाचं नावच पागलखाना चौक पडलंय. १८६४ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय तिथं आहे, राज्यात अशी चारच. लहानपणी आम्ही एकमेकांना चिडवायचो, तुले तिथं भरती करतो म्हणून. तिथं स्वतःच्या पायांनी जायचं? दोनदा गाडी काढली आणि मानकापूरवरून परत फिरलो. तिसऱ्यांदा आई मागच्या सीटवर येऊन बसली. काही बोलली नाही, फक्त पाण्याची बाटली आणि आधार कार्ड पिशवीत टाकलं होतं.

ओपीडीच्या रांगेत मी मान खाली घालून उभा होतो. थोड्या वेळानं वर पाहिलं. बँकेच्या रांगेत असतात तसेच लोक. एक मास्तर वाटावे असे गृहस्थ, एक बाई डब्यासह, एक तुझ्या वयाचा पोरगा आणि त्याचे वडील. त्या वडिलांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. तो हात मला अजून दिसतो.

डॉक्टरीणबाईंनी माझी वही नीट चाळली. त्या म्हणाल्या, ऑक्सिजन कमी नव्हताच काका, तुम्ही भीतीनं फार भराभर श्वास घेत होता. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून हातापायांना मुंग्या आणि चक्कर. याला पॅनिक अॅटॅक म्हणतात. तो काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो, त्यानं जीव जात नाही. आणि त्याच्या खाली दुःख साचलंय, त्यावर उपचार करू. त्यांनी श्वास सावकाश सोडायला शिकवलं, घेण्यापेक्षा सोडणं लांब. गोळ्या दिल्या आणि बजावलं, फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर गोळी बंद करायची नाही, आणि बरं वाटायला लागल्यावर तर मनानं मुळीच बंद करायची नाही. मी विचारलं, सवय लागेल का? त्या म्हणाल्या, या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण त्या एकदम तोडायच्या नसतात, आम्ही हळूहळू कमी करू. पहिले दहा दिवस मळमळ झाली, फरक काही वाटला नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला भूक लागली. साधी भूक. पोह्यांवर तर्री मागून घेतली तेव्हा आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिली होती.

आजीबद्दल सांगायलाच हवं. तिला पॅनिक वगैरे शब्द माहीत नव्हते. पण मे महिन्यात ती मला रोज सकाळी उन्हं तापायच्या आत गच्चीवर न्यायची आणि म्हणायची, "माह्या हाताले आता होत नाही, तू घाल मुंगवड्या." तिचा हात चांगला चालत होता. वाटलेल्या डाळीचा गोळा बोटांनी तोडायचा, धुतलेल्या धोतरावर एकेक वडी रांगेत ठेवायची. पन्नास-साठ वड्या होईपर्यंत डोकं त्या रांगेतच राहायचं. तेवढा अर्धा तास मला बरा जायचा. औषधाची जागा त्यानं भरली नसती, पण औषधापर्यंत पोचायला मला तो अर्धा तास उपयोगी पडला.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. त्याच दिवसांत एका रात्री तू स्वयंपाकघरात आली होतीस. मी फरशीवर बसलेलो. तू म्हणालीस, "बाबा, मला मोठे बाबांसाठी रडूच येत नाही. काहीच वाटत नाही." मी ऑक्सिमीटर खिशात लपवला आणि म्हणालो, "अभ्यासात लक्ष घाल, डोक्यात असं येणार नाही." पुढं जूनमध्ये बारावीची परीक्षाच रद्द झाली. तू अभ्यासाच्या नावाखाली जे दाबून ठेवलं होतंस त्याला परीक्षेचंही निमित्त उरलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही. मी बरा झालो, दुकान पुन्हा उभं केलं, तुझी मार्कशीट आली, सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं. तुझ्या त्या वाक्याला मी आजपर्यंत उत्तर दिलेलं नाही. माझं चुकलं, माऊ. माफ कर. काहीच न वाटणं हेही दुःखच असतं, हे मला डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. तेव्हा ते मला माहीत नव्हतं. विचारायचं तरी होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं की महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचे आजार २५ टक्क्यांनी वाढले, आणि त्यात तरुण पोरं आणि बायका जास्त भरडल्या गेल्या. ते पेपरमध्ये वाचलं तेव्हा मला मागच्या खोलीचं बंद दार आठवलं होतं. तरी मी तुला फोन केला नाही. दिवस चांगले चालले आहेत, कशाला उकरा, असं वाटलं.

आता तू म्हणतेस झोप होत नाही. तुझी रूम पार्टनर आईला म्हणाली, डबा तसाच परत जातो, रविवारी दिवसभर अंथरुणात असते, गाणं म्हणणं बंद केलंय. हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तो आळस नाही आणि थकवाही नाही. डॉक्टरला दाखवायचं. पुण्यात दाखव, इथं येऊन दाखव, पण दाखव. ऑफिसात कळेल याची भीती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क ठरवलाय. लग्नाचं कोण काय म्हणेल, ते माझ्यावर सोड. आजीशी मी बोललोय. ती म्हणाली, "पोरीपरीस स्थळ मोठं हाय का?"

आणि रात्री दोन वाजता कुणालाच उठवावंसं वाटलं नाही, तर १४४१६ हा नंबर फिरव. टेलि-मानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. २०२१ मध्ये तो नव्हता, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. मी एकदा लावून पाहिला, तुला देण्याआधी. पण त्याच्याही आधी मला उठव. माझा फोन आता उशाशी असतो आणि रिंगचा आवाज मोठा करून ठेवलाय. आपल्याच जिवावर उठल्यासारखे विचार येत असतील, तर एक मिनिट थांबू नकोस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मलाही एका रात्री तसं वाटून गेलं होतं. हे तुझ्या आईलासुद्धा मी नंतर सांगितलं.

पुढच्या शुक्रवारचं पुण्याचं तिकीट काढलंय. दुकान चार दिवस बंद ठेवतो. आईनं मुंगवड्या बांधून ठेवल्यात, आजीनं संत्र्याची बर्फी आणायला सांगितलीय. डॉक्टरकडे जाताना सोबत ये म्हणालीस तर येईन. आत नको म्हणालीस तर बाहेर बाकावर बसेन. नुसतं खोलीत पडून राहायचं असेल तर मीही तिथं सतरंजी टाकून बसेन, काही बोलणार नाही.

आज रात्री नऊला फोन करतो. बरी आहे, असं नको सांगूस. काल किती वाजता डोळा लागला आणि आज काय खाल्लंस, तेवढं सांग.

तुझा,
बाबा