रंगाच्या अहवालात रिकव्हरीही छापा

संपादक महोदय,

खाद्यपदार्थांतील कृत्रिम रंगांच्या बातमीत 'किलोमागे इतके मिलिग्रॅम' एवढाच आकडा येतो. यंत्र आकडा देते खरे, पण तो बरोबर की चूक हे बरेचसे आधीच, पदार्थातून रंग सोडवताना ठरून गेलेले असते. पदार्थातल्या रंगापैकी किती टक्के असा सुटून मोजणीपर्यंत पोचला, ती रिकव्हरी.

शीतपेयाचे काम सोपे. नमुना पातळ करून अॅसिटिक आम्लाने आम्लधर्मी करायचा आणि त्यात तेलकटपणा काढलेली पांढरी लोकर उकळायची. टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन असे रंग लोकरीवर चढतात. लोकर धुऊन सौम्य अमोनियात गरम केली की उतरतात. वनस्पतिजन्य रंगही थोडे चढतात, म्हणून उतरलेला द्राव पुन्हा आम्लधर्मी करून नव्या लोकरीवर चढवून पाहायचा. घाईत हीच दुसरी फेरी गाळली जाते.

पिठाच्या, मांसाच्या किंवा दुधाच्या पदार्थांत खरी कसोटी लागते. स्निग्धांश आधी पेट्रोलियम ईथरने काढावा लागतो. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये अमोनिया घालून त्यात नमुना काही तास ठेवायचा, सेंट्रिफ्यूज करायचा (वेगाने फिरवून द्राव आणि चोथा वेगळे करायचे) आणि चोथा पांढरा दिसेपर्यंत हेच पुन्हा करायचे. इथे आधीच आम्ल घातले तर प्रथिनांवर धन भार येतो, रंगाचे ऋण भाराचे सल्फोनेट गट त्यांना चिकटतात आणि रंग चोथ्यातच राहतो. एरिथ्रोसिन या रंगाची तऱ्हा आणखी वेगळी: आम्लात तो पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात जाऊन तळाशी बसतो, आणि लोकरीवर विसंबलेला अहवाल 'आढळला नाही' म्हणतो.

आता हिशेब. टारट्राझिनच्या १ टक्का द्रावाचा १ सेंमी क्युवेटमधला (मोजणीच्या पारदर्शक भांड्यातला) अॅब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश शोषण्याचे माप, ४२६ नॅनोमीटर तरंगलांबीला सुमारे ५३० धरतात. ५ ग्रॅम नमुन्याचा अर्क ५० मिलि केला आणि वाचन ०.४२ आले, तर उत्तर किलोमागे ७९ मिलिग्रॅम. मर्यादा १०० असेल तर नमुना पास! पण रिकव्हरी ७० टक्केच असेल तर खरे प्रमाण ११३ होते. वाचन तेच, निकाल उलटा.

रिकव्हरी काढायला तोच पदार्थ बिनरंगी घ्यायचा, त्यात मोजून रंग घालायचा आणि सगळी प्रक्रिया करायची. हा रंग शिजवण्याआधी घालावा. तयार पदार्थावर ओतलेला रंग सहज सुटतो आणि रिकव्हरी फसवी, चांगली दिसते.

काही चुका आकडा वरही नेतात. तुलनेसाठी वापरायच्या प्रमाणित रंगाच्या भुकटीत मीठ व ओलावा असतो. ८५ टक्के शुद्धतेची भुकटी १०० टक्के धरली की उत्तर सुमारे १८ टक्क्यांनी फुगते. गढूळ अर्कही अॅब्सॉर्बन्स वाढवतो. अमोनिया उडवून न लावता मोजले तर सनसेट यलो लालसर होतो आणि त्याचे शिखर (सर्वाधिक शोषणाची तरंगलांबी) सरकते. टारट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू या निळ्या रंगाच्या हिरव्या मिश्रणात ब्रिलियंट ब्लूच्या शोषणाचा छोटा उंचवटा ४०८ नॅनोमीटरच्या आसपास असतो, तो टारट्राझिनच्या वाचनात मिसळतो. तिथे आधी एचपीएलसीने (उच्च दाबाच्या द्रव क्रोमॅटोग्राफीने) किंवा पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने रंग वेगळे करायलाच हवेत.

आपल्या वार्ताहरांनी अहवाल मागताना रिकव्हरी आणि प्रमाणित रंगाची शुद्धता हे दोन आकडेही मागावेत. ते मिळेपर्यंत 'मर्यादेत' किंवा 'मर्यादेबाहेर' असा मथळा देऊ नये, विशेषतः उत्तर मर्यादेच्या जवळ असेल तेव्हा.

आपला,
एक अन्नविश्लेषक