मोहरावरचा सौदा

गुहागर
८ फेब्रुवारी २०२६

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो हो, बघतो" म्हणतोस आणि मला कळतं की तुझं लक्ष दुसरीकडे आहे. म्हणून आज कागद घेतला. बाबा बागेत फवारणीला गेलेत, तोवर लिहून होईल.

बीकेसीतल्या टेस्लाच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममधला तुझा फोटो पाहिला. गाडीवर हात ठेवून असा उभा आहेस की जणू पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती पसंत केलीस. फोटोखाली लिहिलंस, "गाडी परवडत नाही, पण कंपनी परवडते." वाक्य झकास जमलंय. बाबांनी दोनदा मोठ्याने वाचलं. पण आजीच्या ठेवीतले सहा लाख तू याच वाक्याच्या भरवशावर टेस्लाच्या शेअरमध्ये टाकायला निघालायस, म्हणून माझ्या पोटात गोळा आला. गाडी साठ लाखांच्या घरात आहे, ते तुला महाग वाटलं. कंपनी केवढ्याला पडते आहे, ते मोजलंस का?

मी मोजलं. तीस वर्षं बँकेत खतावण्या लिहिल्या, ती खोड जात नाही. कंपनीचे वार्षिक आकडे फोनवर उघडले आणि वाशीच्या दलालाची पट्टी वाचावी तसे वाचले. पट्टीत वरचा आकडा कसा भारदस्त असतो, इतक्या पेट्या, इतका भाव. मग हमाली, तोलाई, वाहतूक, दलाली वजा होत होत तळाला जे उरतं ते आपलं. टेस्लाचा वरचा आकडा २०२५ सालचा सुमारे ९,४८० कोटी डॉलर. आदल्या वर्षी ९,७७० कोटी होता. वर्षाची एकूण विक्री घटायची ही त्यांची पहिलीच वेळ. आणि तळाला उरले सुमारे ३८० कोटी डॉलर, २०२४ च्या साधारण निम्मे.

आता बाजार या कंपनीची किंमत एक लाख कोटी डॉलरच्या पुष्कळ वर धरतो. आपण सोयीसाठी एक लाख कोटीच धरू. भागिले ३८०. येतात २६३. म्हणजे नफा आहे एवढाच राहिला, तर दिलेली किंमत वसूल व्हायला २६३ वर्षं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला साडेतीनशे झाली, त्यावरून अंदाज कर. टोयोटा वर्षाला कोटभर गाड्या विकते, तरी तिची किंमत याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नाही.

तू म्हणशील, आई, ही कंपनी नुसती गाड्यांची नाहीच. ते मी पुढे घेते. आधी गाड्यांचं बघू, कारण आज पैसा तिथूनच येतोय.

तुला आठवतं का, जानेवारी-फेब्रुवारीत पहिली पेटी वाशीला गेली की पेपरात फोटो येतो, पेटीला हार घालून? तो भाव ऐकून सगळ्या कोकणाला वाटतं, यंदा आपण श्रीमंत. मग अक्षय्य तृतीयेला सगळ्यांचाच आंबा येतो, पाठोपाठ कर्नाटकातला हापूसच्या पेटीत बसून येतो, आणि मेअखेर उरलेला माल किलोवर कॅनिंगला जातो. टेस्लाने बरीच वर्षं पहिल्या पेटीचा भाव घेतला, आणि तो हक्काने घेतला. २०१२ ची मॉडेल एस आली तेव्हा तशी दुसरी गाडी बाजारात नव्हतीच. पण २०१० ला बॅटरीचा भाव दर किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ ला ११५ वर आला. बॅटरी स्वस्त झाली ती सगळ्यांनाच. २०२२ मध्ये टेस्लाला शंभराच्या विक्रीमागे पंचवीस-सव्वीस डॉलर ढोबळ नफा सुटत होता, २०२४ ला अठरासुद्धा पुरते उरेनात. भाव पाडून पाडून गाड्या विकल्या. तरी २०२३ ला १८ लाख, २०२४ ला १७ लाख ८९ हजार आणि २०२५ ला १६ लाख ३६ हजार. दरवर्षी पन्नास टक्के वाढू म्हणणारी हीच कंपनी होती.

आणि कर्नाटकाचा आंबा म्हणजे कोण, ते तुला सांगायला नको. बीवायडी. १९९५ साली शेन्झेनमध्ये मोबाइलच्या बॅटऱ्या करायला सुरुवात केलेली कंपनी. मोटारीत शिरली २००३ ला. २०११ मध्ये टेस्लाच्या मस्कसाहेबांना मुलाखतीत बीवायडीबद्दल विचारलं तर ते चक्क हसले होते. २०२५ मध्ये तिने निव्वळ विजेवरच्या साडेबावीस लाख गाड्या विकल्या. बॅटरी घरची, मोटर घरची, चिपासुद्धा बऱ्याच घरच्या. ज्याची कलमंही स्वतःची आणि पेट्यांचा कारखानाही स्वतःचा, त्याच्याशी भावात कोण लढणार? अर्थात त्यांचंही सगळं आलबेल नाही. तिकडे इतके कारखाने एकमेकांचा भाव पाडतायत की गेल्या वर्षी बीवायडीचाही नफा घसरला. म्हणून टेस्ला सोडून हे घे, असंही मी म्हणत नाहीये.

हे आपल्याकडेही तसंच झालं. नेक्सॉन ईव्ही २०२० ला आली, एक काळ असा होता की देशात विकलेल्या दहा इलेक्ट्रिक मोटारींतल्या सातांहून जास्त टाटांच्या. मग एमजीची विंडसर आली, बॅटरी भाड्याने द्यायची युक्ती घेऊन, आणि महिंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्या तर तुझ्या चाकणमधूनच निघतात. टाटा अजूनही पहिलेच, पण तो वाटा कुठे राहिला? पहिला आला म्हणून बाजार कोणाच्या नावावर सातबारा करून देत नाही.

आणखी एक गंमत मला आकड्यांत सापडली. टेस्लाचा पूर्ण वर्षाचा पहिला नफा २०२० चा, ७२ कोटी डॉलर. त्याच वर्षी प्रदूषणाची 'क्रेडिट', म्हणजे धूर कमी केल्याबद्दल सरकारी नियमाने मिळणारे गुण, दुसऱ्या मोटारवाल्यांना विकून मिळाले १५८ कोटी. म्हणजे गाड्यांच्या धंद्यात खोट होती, ती इतरांच्या धुराने भरून काढली. २०२४ लाही ७१० कोटींच्या नफ्यापुढे अशी विक्री २७६ कोटींची होती, आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही. पण गेल्या वर्षी अमेरिकेने कायदा बदलला, इंधनाचे नियम मोडणाऱ्याचा दंडच शून्यावर आणला. दंड नाही तर क्रेडिट कोण विकत घेईल? शिवाय गिऱ्हाइकाला मिळणारी साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला बंद झाली.

आता तुझं म्हणणं. चालकाशिवायची टॅक्सी, माणसासारखा यंत्रमानव, आणि वीज साठवायच्या मोठ्या बॅटऱ्या. यातलं तिसरं मला पटतं. बसवलेल्या बॅटऱ्यांची क्षमता २०२४ ला एका वर्षात दुप्पट झाली आणि ते आकडे कागदावर दिसतात. टॅक्सीचं म्हणशील तर मस्कसाहेबांनी २०१९ मध्ये सांगितलं होतं की पुढच्या वर्षी दहा लाख गाड्या रस्त्यावर असतील. प्रत्यक्षात ऑस्टिनला थोड्याशा गाड्या सुरू झाल्या जून २०२५ मध्ये, त्याही शेजारच्या सीटवर माणूस बसवून. होणारच नाही असं मी म्हणत नाही रे. होईलही. पण तू जो भाव देणार आहेस त्यात ते झालंय असंच धरलेलं आहे.

बाबांनी शेजारच्या वाडीतली बाग मोहरावर घेतली होती, ते साल तुला आठवायचं नाही, तू सातवीत होतास. झाडं नुसती पांढरी झाली होती, वास आपल्या पडवीपर्यंत यायचा. बाबा संध्याकाळी जाऊन उभे राहायचे आणि येऊन आकडे सांगायचे, एका कलमाला इतक्या पेट्या, अशी साठ कलमं. मी म्हटलं, निदान कणी, म्हणजे मोहरातलं बारीक फळ, धरू दे. ते म्हणाले, कणी धरल्यावर हा भाव राहील का? खरंच होतं ते, राहिला नसता. एक लाख ऐंशी हजार मोजले. मग ढगाळ हवा पडली, तुडतुडा आला, राहिलेला मोहोर मार्चच्या उन्हाने काळा होऊन गळला. झाडाखाली चाललं की पायाला चिकटायचा. सत्तर हजार हाताला लागले. ती कलमं आजही तिथेच आहेत, दरवर्षी धरतात, त्यांचा मालक सुखात आहे. झाडात काही खोट नव्हती. बाबांनी पूर्ण पिकाचा पैसा मोहराला दिला, एवढंच झालं.

तेव्हा कंपनी बुडेल म्हणून मी घाबरत नाहीये, हे नीट समजून घे. २००८ ला आणि पुन्हा २०१८ च्या सुमारास ती बुडता बुडता वाचली, पण आज गाठीशी भरपूर रोकड आहे, डोक्यावर फारसं कर्ज नाही. चार्जिंगची जाळी अशी की फोर्ड आणि जनरल मोटर्सनी २०२३ मध्ये आपला जुना प्लग सोडून तिचा प्लग घ्यायचं ठरवलं. अंजनवेलच्या एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या बघत आयुष्य गेलं म्हणून मी प्रत्येक अमेरिकन कंपनीला एन्रॉन म्हणत नाही. एन्रॉनने पुढच्या कित्येक वर्षांचा नफा आजच वहीत जमा धरला होता, डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं निघालं. टेस्लाची वही स्वच्छ आहे. पुढचा नफा आज जमा धरतायत ते शेअर घेणारे. तुझ्यासारखे.

"२०१० ला घेतले असते तर" हे तू तीनदा ऐकवलंस. बरोबर आहे. १७ डॉलरला निघालेल्या एका शेअरचे २०२० आणि २०२२ च्या विभागण्या धरून पंधरा झाले, आणि त्यातला एकेक आज शेकड्यांनी डॉलरचा आहे. पण ज्याने तेव्हा घेतला त्याने बियाण्याच्या भावाने घेतला. आणि याच शेअरने २०२२ च्या एका वर्षात शंभरातले पासष्ट घालवले होते. तेव्हा तुला झोप लागली असती का? तुझा मोबाइल हरवला होता तेव्हा आठवडाभर जेवला नव्हतास.

मुकादमाचं एक राहिलं. नोव्हेंबरमध्ये भागधारकांनी मस्कसाहेबांना दहा वर्षांत, सगळी उद्दिष्टं गाठली तर, जवळपास एक लाख कोटी डॉलरचे शेअर द्यायचं मंजूर केलं. पंचाहत्तर टक्के मतांनी. बाबा म्हणाले, इतक्यात तर त्याने बागच घेतली की.

गाडीचं मात्र मला कौतुक आहे हो. गणपतीत नाना भाऊजींचा मंदार मुंबईहून इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला होता. आल्या आल्या "काकू, पंधरा अँपिअरचा प्लग कुठे आहे?" विहिरीच्या पंपाचा दाखवला. लावला तर चार्जरवर लाल दिवा. परत काढला, परत लावला, लालच. वायरमनला बोलावलं, त्याने पाच मिनिटांत सांगितलं की घराला अर्थिंगच धड नाही. तीस वर्षं आम्ही त्याच प्लगवर पंप चालवतोय! मग घरामागे खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घातलं, तांब्याची पट्टी पुरली, वर दोन बादल्या पाणी. हिरवा दिवा लागला तेव्हा आरतीला जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. रात्री दोनला वीज गेली ती सकाळी आली, तरी चिपळूणपर्यंत जाण्याइतकी भरली होती. गाडी आवाज न करता अंगणातून निघाली आणि कोंबड्या जागच्या हलल्या नाहीत, मंदारलाच उतरून हाकलाव्या लागल्या. अशा गाड्या कोकणात येणार, पुष्कळ येणार. कोणाच्या येतील आणि त्यातून कोणाला किती सुटेल, ते मात्र त्या हिरव्या दिव्यावरून नाही कळत.

तुला अगदीच राहवत नसेल तर साठ हजारांचे घे. गेले तर आपण बाबांच्या बागेच्या शेजारी तुझी बाग म्हणून दाखवू. डॉलरमध्ये पाठवताना बँक किती कापते ते आधी विचार, आणि परदेशातले शेअर आयकराच्या विवरणपत्रात वेगळे दाखवावे लागतात, ते सीएला सांगायला विसरू नकोस. उरलेले पाच लाख चाळीस हजार मी पुन्हा ठेवीत टाकते आहे. मुदत २७ तारखेला संपते. नूतनीकरणाच्या अर्जावर तुझी सही लागेल, दुसरं नाव तुझं आहे. अर्ज या पाकिटातच घातलाय, पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर आणि लगेच उलट टपाली धाड. मोबाइलवर फोटो काढून पाठवलेली सही चालत नाही.

यंदा मोहोर बरा आहे. कणी धरली की कळवीन.

तुझी
आई

ता. क. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं म्हणे. बाबांच्या लक्षात राहत नाही, रविवारी फोन करशील तेव्हा आठवण कर.