अंगणवाडीच्या गणितपेटीसाठी सामान पाहिजे, अन् तुमचा थोडा वेळ पण

नमस्कार मंडळी, आपल्या वस्तीतल्या अंगणवाड्यांसाठी वाचनालयातर्फे गणितपेट्या, म्हणजे मोजायच्या सामानाच्या पेट्या, बनवायचं ठरलंय, त्यासाठी हे लिहून राहिलो. मोठी देणगी नाही दिली तरी चालते, घरातलं सामान अन् थोडा वेळ मात्र द्या.

परवा अंगणवाडीत एका पोरीने एक ते वीस धडाधड म्हणून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिच्यासमोर बाटलीची सात झाकणं ठेवली अन् म्हटलं मोज बेटा, तर एका झाकणावर दोनदा बोट, एक सुटलंच, तोंड पुढे पळतंय अन् बोट मागे राहतंय, शेवटी उत्तर आलं नऊ. हुशार पोरगी आहे हो! तिच्या हातात मोजायला कोणी काही दिलंच नव्हतं. एका वस्तूला एकच अंक, अन् शेवटी म्हटलेला अंक म्हणजे एकूण किती, हे पाठांतराने येत नाही, वस्तू हाताळूनच येतं.

सरकारी धोरणातही हेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वय हा पायाभूत टप्पा धरला, ५ जुलै २०२१ ला निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान सुरू झालं, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता अन् साधा हिशोब करता यायला पाहिजे आणि त्याची मुदत २०२६-२७. बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षात, १० पर्यंतचे अंक ओळखणं, पहिलीत ९९ पर्यंत वाचणं-लिहिणं. २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तर क्रमही सांगितलाय, आधी अनुभव, मग त्याबद्दल बोलणं, मग चित्र, अन् सगळ्यात शेवटी चिन्ह. आपण घरी नेमकं उलटं करतो, तीन वर्षांच्या लेकराला पाटीवर १ गिरवायला बसवतो. पालकांनो, प्लीज थोडं थांबा.

धोरण चांगलंच आहे, पण ते लेकरांपर्यंत न्यायला माणसं लागतात. सेविका ताई आहार, वजनं, लसीकरणाचा दिवस, मोबाईलवरच्या नोंदी, सगळं सांभाळते, त्यात एकेका पोराजवळ बसून मोजून घ्यायला ती वेळ कुठून आणणार?

म्हणून आठवड्यातून एक तास देणारे लोक हवेत, आजी-आजोबा असतील तर फारच छान, शिकवायचं काही नाही, पोरांसोबत बसून मोजायचं, जोड्या लावायच्या, जास्त-कमी विचारायचं, बस. सामानात बाटल्यांची मोठी झाकणं, आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड, झाकणवाले डबे अन् चिंचोके द्या. चिंचोके आणि मणी फक्त पहिली-दुसरीच्या पोरांसाठी जातील, लहान लेकरं ते नाकातोंडात घालतात, त्यांना मोठी झाकणं अन् लाकडी ठोकळेच. कोणी सुतारकाम करणारे दादा असतील तर उरलेल्या लाकडाचे ठोकळे कापून द्या, कोपरे मात्र नीट घासलेले पाहिजेत. काड्या दहा-दहाच्या बांधल्या की दशक-एकक हातात येतं, त्यामुळे काड्या जितक्या मिळतील तितक्या हव्यात.

पैसे द्यायचे असतील तर रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल, चटया अन् डबे इतवारीतून होलसेलमध्ये घेऊ आणि सगळी बिलं वाचनालयाच्या बोर्डावर लावू.

सामान वाचनालयात संध्याकाळी ६ ते ८ मध्ये आणून द्या, झाकणं धुऊन वाळवून आणा, अन् पिशवीवर आत काय आहे ते लिहा म्हणजे वेगळं करायला सोपं जाईल.