‘मारानाथा’ ही प्रार्थना आहे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील एका लेखात ‘मारानाथा’ हा शब्द ‘कठोर शाप’ या अर्थाने वापरलेला वाचून वाईट वाटले. हा गैरसमज जुना आहे. बायबलच्या नव्या करारात, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस (१६:२२) प्रेषित पौल म्हणतो की, जो प्रभूवर प्रीती करीत नाही तो शापित असो. आणि लगेच पुढे हा शब्द येतो. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात दोहोंमध्ये विरामचिन्हच नसल्याने ते एका दमात वाचले गेले आणि शेजारच्या शब्दाचा दोष याच्याही माथी आला.

वस्तुतः हे अरामी भाषेतले छोटेसे वाक्य आहे. ‘मारे’ म्हणजे धनी, प्रभू. त्याला ‘आमचा’ या अर्थाचा प्रत्यय लागून ‘मारान’ किंवा ‘माराना’ होते आणि उरलेल्या भागात ‘येणे’ हे क्रियापद आहे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत शब्द सलग लिहीत असल्यामुळे ‘मारान अथा’, म्हणजे ‘आमचा प्रभू आला आहे’, अशी फोड करता येते, तशीच ‘माराना था’, म्हणजे ‘हे आमच्या प्रभो, ये’, अशीही करता येते. मला दुसरी फोड अधिक पटते, कारण नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या शेवटी (२२:२०) ‘ये, प्रभू येशू’ हीच विनवणी ग्रीक भाषेत आढळते. ‘डिडाखे’ या आद्य ख्रिस्ती नियमपुस्तिकेतही भोजनानंतरच्या उपकारस्तुतीची सांगता ‘मारानाथा, आमेन’ अशी होते.

याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. इ. स. ५५ च्या सुमारास ग्रीक बोलणाऱ्या करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल या परक्या शब्दाचा अर्थ सांगत बसत नाही. म्हणजे उपासनेत तो त्यांच्या ओठी रुळलेला असला पाहिजे आणि तो पॅलेस्टाईनमधील अरामी भाषक शिष्यांकडूनच आलेला असणार. येशूला ‘प्रभू’ म्हणून आळवण्याची रीत ग्रीक जगातच जन्मली, असे जर्मन बायबल-अभ्यासक विल्हेल्म बूसेट यांनी १९१३ साली मांडले होते. त्या मताला सर्वांत मोठी अडचण याच शब्दाची झाली.

इतका प्राचीन, आर्त धावा शिवीसारखा वापरला जाणे क्लेशदायक आहे. कृपया याबाबतचा खुलासा आपल्या अंकात प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक